शब्दचर्चा: 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर'ला साध्या मराठीत काय म्हणाल?

ऐरोलीकर
ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहासाठी प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत करतोय. वाचणार कोण, तर काळजीवाहक, गृहमाता, स्वयंपाकाच्या मावशी, रात्रपाळीचा पहारेकरी. आधीच्या मसुद्यात 'आघात-सूचित काळजी' असं छापलंय. मावशी विचारणार, कुणी सूचित केलं? नुसतं 'ट्रॉमा' ठेवावं तर हायवेवरचं ट्रॉमा सेंटर डोळ्यांपुढे येतं.

कल्पना थोडक्यात अशी: मूल विचित्र वागतंय त्यामागे मारहाण, उपासमार, ताटातूट असू शकते हे धरून चालायचं आणि संस्थेने आपलंच रोजचं वागणं बदलायचं. हाक कशी मारतो, दार कसं लावतो, इथपासून. हा उपचार नव्हे, उपचार करणारा वेगळा. मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी २००१ साली सेवा देणाऱ्या संस्थांसाठी हा विचार मांडला, तेव्हापासून हे नाव रुळलं. मराठीत काय म्हणू?

गीर्वाण
आघातबोधाधिष्ठित शुश्रूषा.

ऐरोलीकर
पाटी कोपरखैरण्यापर्यंत जाईल हो.

कळवा_नाका
मी समुपदेशक आहे, रोज हेच काम. माझं मत 'आघात'च्या विरोधात आहे. पक्षाघात, उष्माघात, वज्राघात: मराठी कानाला आघात म्हणजे एकदाच बसलेला तडाखा. अभ्यास तर साचत जाणाऱ्या गोष्टींविषयी बोलतो. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांचा सॅन दिएगोतला अभ्यास १९९८ साली छापून आला. त्यात ९,५०८ प्रौढांना बालपणाविषयी विचारलं होतं: शिवीगाळ, मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात व्यसन, घरात मानसिक आजार, घरातलं कुणी तुरुंगात. असे सात प्रकार. चार किंवा अधिक प्रकार वाट्याला आलेल्यांत व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही प्रकार नसलेल्यांच्या चार ते बारा पट निघाला. यातलं बरंचसं घरात वर्षानुवर्षं मुरत असतं, एका तडाख्याचा तो मामला नाही.

आपल्याकडे 'धसका' आहे की. आघात म्हणजे जे घडलं ते, धसका म्हणजे जे मुलात उरलं ते. आणि बालगृहात आपल्यासमोर येतं ते उरलेलंच. फक्त 'धसका बसला' लिहा, 'धसका घेतला' नको. 'घेतला' म्हटलं की जणू पोरानेच हौसेने घेतला. 'मनाला लावून घेतलं', 'हाय खाल्ली', सगळीकडे कर्ता बिचारं मूलच!

चरईतली
धसका आवडला. मात्र पुस्तिकेत दर चार ओळींनी 'मानसिक', 'मानसोपचार' येऊ देऊ नका. इथली माणसं आजही चेष्टेत 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतात, अगदी ठाण्यात राहूनसुद्धा. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय शहरात आहे, ते जिभेवरून जात नाही. तो शब्द दिसला की आईबाप पुस्तिका मिटतात.

गीर्वाण
'काळजी'लाही माझी हरकत आहे. काळजी करणे आणि काळजी घेणे यांत घोळ होतो. 'सांभाळ' घ्या.

ऐरोलीकर
सांभाळ! घेतला. पुढची अडचण. या विषयात एक वाक्य सगळे सांगतात: 'तुझ्यात काय बिघडलंय' असं विचारू नका, 'तुझ्या बाबतीत काय घडलं' असं विचारा. मसुद्यात ते 'तुला काय झालंय?' असं उतरलंय.

कळवा_नाका
बापरे. 'तुला झालंय तरी काय?' ही आपल्याकडे ओरडण्याची सुरुवात आहे, पुढचा शब्द 'कार्ट्या'. 'काय झालं रे बाळा' चालेल, तेही एकदाच, आणि मूल गप्प राहिलं तर आपणही गप्प. रोज नव्या माणसाने तेच विचारणं म्हणजे खपली काढणं. अमेरिकी सरकारच्या 'सॅम्सा' या संस्थेने २०१४ साली चार गोष्टी सांगितल्या: धसक्याचा परिणाम किती पसरतो ते समजून घेणं, खुणा ओळखणं, त्यानुसार कारभार बदलणं आणि नव्याने जखम न करणं. चौथीसाठी 'खपली न काढणं' हेच लिहा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या कायद्यातही ते आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा आणि कोर्टात साक्षीसाठी त्याला पुन्हापुन्हा बोलावू नये.

दिघा_अंगणवाडी
मी सेविका आहे, मोठे शब्द येत नाहीत. पण रजिस्टरमध्ये पोरांबद्दल काय लिहितात तेही बघा. हट्टी, चोरटा, कोडगा. एक मुलगी खाऊतली अर्धी चिक्की रोज फ्रॉकच्या खिशात ठेवायची, मुंग्या लागायच्या. तिला सगळे चोरटी म्हणायचे. घरी धाकटा भाऊ होता, त्याच्यासाठी. भाऊ मामाकडे गेला तरी ती ठेवतच राहिली.

कळवा_नाका
ताई, 'कोडगा' फार मोलाचा काढलात. 'मार खाऊन खाऊन कोडगा झालाय', म्हणजे कारण आपण वाक्यातच सांगतो आणि वर पोरालाच शिवी देतो! ऐरोलीकर, एक पान या शब्दांना द्या. डावीकडे रजिस्टरमधला शब्द, उजवीकडे प्रत्यक्ष काय दिसलं ते. 'चोरटी' खोडून 'खाऊ साठवून ठेवते'. 'कोडगा' खोडून 'ओरडलं तरी चेहरा हलत नाही'. पुढचा माणूस यावरून काहीतरी करू शकतो. 'कोडगा' वाचून तो फक्त छडी शोधेल.

गीर्वाण
मग 'इन्फॉर्म्ड'चं काय? 'जाणता' सुचवणार होतो, पण तो राजकारण्यांनी पळवला.

ऐरोलीकर
विशेषण सोडूनच देतो. मुखपृष्ठावर 'धसका ओळखून सांभाळ'. सरकारी कागदांत 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके' हेच राहील, ती कायद्याची भाषा आहे, तिला हात लावत नाही. रजिस्टरचं पान उद्या टाकतो, ताईंनी नजर टाकावी. विदर्भ-मराठवाड्यातलं कुणी आहे का इथे? तुमच्याकडे धसका असाच वापरतात की नुसत्या दचकण्याला म्हणतात?