अनुभव धागा: अमेरिकन माणसाशेजारी बसून ब्रिटिश बातम्यांची टिंगल पाहताना

गेल्या थँक्सगिव्हिंगला जेवणे आटोपल्यावर मी आमच्या ओहायोच्या जावईबापूंना 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या कार्यक्रमाचा एक जुना भाग दाखवला. हा मुलगा रोज रात्री अमेरिकन लेट-नाइट, म्हणजे रात्री उशिराचे बातम्यांवरचे विनोदी कार्यक्रम, पाहिल्याशिवाय झोपत नाही आणि राजकारणाची त्याला उत्तम जाण आहे, त्यामुळे त्याला हे आवडणारच, अशी माझी खात्री होती. अर्ध्या तासाच्या त्या भागात त्याने अकरा वेळा रिमोट उचलला. पहिल्या काही वेळा 'हा कोण?' असे विचारण्यासाठी, नंतर 'यात हसण्यासारखे काय होते?' म्हणून, आणि शेवटी त्याने जे दोन प्रश्न विचारले त्यांवरून हा धागा काढावासा वाटला. एक, 'गुण कोण मोजतो आहे?' आणि दुसरा, 'मुख्य भाषण कधी सुरू होणार?'

ज्यांनी हा कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीबीसीवर 1990 पासून चाललेली ही बातम्यांवरची प्रश्नमंजूषा आहे. इयन हिस्लॉप आणि पॉल मर्टन हे दोन कर्णधार पहिल्यापासूनचेच, प्रत्येकाच्या शेजारी एक पाहुणा, आणि त्या पाहुण्यांत अनेकदा खरोखरीचा खासदार असतो. गुण दिले जातात, पण त्यांची चिंता कोणीच करत नाही. मुख्य भाषण तर नसतेच. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे होता तो टेबलामागे एकटा बसलेला, खांद्याशेजारी चित्र झळकवणारा आणि वीस मिनिटांत एक मुद्दा सिद्ध करून आपल्याला संतापलेल्या अवस्थेत झोपायला पाठवणारा निवेदक. इथे मुद्दा कोणी सिद्ध करत नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही.

डब्याची गोष्ट सांगितल्यावर मात्र तो खुलला. 1993 साली मजूर पक्षाचे रॉय हॅटर्स्ली यांनी तिसऱ्यांदा ऐन वेळी नकार कळवला, तेव्हा निर्मात्यांनी त्यांच्या खुर्चीसमोर डुकराच्या चरबीचा डबा ठेवला आणि कार्यक्रमभर त्यालाच पाहुणा मानले. 'आमच्याकडे सिनेटरच्या जागी असा डबा ठेवला तर दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या मालकाला फोन जाईल,' असे तो म्हणाला, आणि मग त्याने रिमोट खाली ठेवला.

तुमच्याकडेही असे अनुभव असतील तर सविस्तर लिहावेत. कोणाचा विनोद श्रेष्ठ, एवढ्यावरच थांबू नये ही विनंती. पाहणाऱ्याला नेमके काय खटकले, कशावर तो हसला आणि कुठे त्याचा चेहरा कोरा राहिला, हे वाचायला अधिक आवडेल.

बॉस्टनहून

मी वकिलांच्या कचेरीत काम करते. माझ्या एका अमेरिकन सहकाऱ्याला हाच कार्यक्रम पाहताना पडलेला प्रश्न अगदी त्याच्या व्यवसायाला शोभणारा होता: ही माणसे वाक्याच्या शेवटी 'अलेजेडली' असे का म्हणतात, आणि प्रेक्षक वाक्यावर न हसता त्या एका शब्दावरच का हसतात?

आपल्या वर्तमानपत्रांतला 'कथित' तो हाच. इंग्लंडमध्ये बदनामीचा दावा झाला तर आपण लिहिलेले खरे आहे हे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर पडतो. अमेरिकेत 1964 च्या 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन' या निकालापासून उलट आहे. तेथे सार्वजनिक जीवनातल्या माणसाला असे दाखवावे लागते की, मजकूर खोटा असल्याचे ठाऊक असूनही किंवा खऱ्याखोट्याची बेफिकिरी करून तो छापला गेला. हिस्लॉप हे 1986 पासून 'प्रायव्हेट आय' या पाक्षिकाचे संपादक आहेत. 1989 साली त्यांच्याविरुद्ध एका दाव्यात ज्यूरीने 6 लाख पौंडांची भरपाई ठरवली, तेव्हा न्यायालयाबाहेर येऊन ते म्हणाले होते की हा न्याय असेल तर मी केळे आहे. अपिलानंतर ती रक्कम 60 हजारांवर आली. त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाने हे भोगलेले आहे.

गंमत अशी की कायद्यापुढे त्या शब्दाला फारसे बळ नाही. आरोप 'कथित' म्हणून पुन्हा सांगितला तरी सांगणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. तिथल्या प्रेक्षकांना ही ढाल कागदाची असल्याचे ठाऊक असते आणि तरीही ती इतक्या गंभीरपणे पुढे धरली जाते, यावर ते हसतात. सहकाऱ्याला एवढे समजावल्यावर त्याने तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला आणि या वेळी तो योग्य ठिकाणी हसला, जरा अर्धा सेकंद उशिरा.

लंडनच्या हॅरो भागातून

माझा अनुभव उलट दिशेचा आहे. आमच्या कंपनीत डेन्व्हरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या एका गृहस्थांना मी याच कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला घेऊन गेलो होतो. तिकिटे फुकट असतात, पण आसनांपेक्षा जास्त वाटली जातात, त्यामुळे लवकर जाऊन रांगेत उभे राहावे लागते. पावसात सव्वा तास उभे राहिल्यावर गृहस्थ म्हणाले, 'ब्रिटिश विनोदाचा पहिला अंक हाच असावा.'

चित्रीकरण गुरुवारी होते आणि कार्यक्रम शुक्रवारी रात्री दिसतो. जवळजवळ दोन तास चाललेल्या गप्पांतून अर्धा तास उरतो. हे त्यांना मी आधीच सांगितले होते, म्हणून त्यांनी तिकिटाच्या छापील कागदाच्या पाठीवर आवडलेले विनोद टिपून ठेवले. दुसऱ्या दिवशी तो कागद मांडीवर घेऊन ते माझ्या दिवाणखान्यात बसले आणि दिसलेल्या प्रत्येक विनोदावर खूण करू लागले. एकवीस टिपणांपैकी सात उरली. त्यांचा सर्वांत लाडका विनोद, ज्यावर आदल्या रात्री माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती, तो गेला होता. तो न्यायालयात चालू असलेल्या एका खटल्याबद्दल होता, आणि 1981 च्या न्यायालय-अवमान कायद्यामुळे चालू खटल्यावर असे काही दाखवणे अंगाशी येऊ शकते. अमेरिकेत खटला चालू असतानाच रात्री त्यावर दहा मिनिटांचे विडंबन होते, हे मी पाहिले आहे. त्यामुळे त्यांना हा नियम कमालीचा जुनाट वाटला. मला तो तसा वाटत नाही, पण वाद वाढवला नाही, कारण चहा निवत होता.

त्यांना खरा धक्का दिला तो पाहुण्या खासदारांनी. दोन तास शेजारच्या माणसाने त्यांच्या पक्षाची, त्यांच्या भाषणाची आणि शेवटी त्यांच्या टायची सालटी काढली, आणि चित्रीकरण संपल्यावर ते सर्वांशी हस्तांदोलन करून गेले. 'आमचा सिनेटर टीव्हीवर येतो तो पुस्तक खपवायला किंवा निवडणूक जाहीर करायला. हा कशाला आला?' असा गृहस्थांचा प्रश्न होता. मी म्हटले की मानधन मिळते आणि ते संसदेच्या नोंदवहीत जाहीरही करावे लागते. त्यांना ते उत्तर पुरेसे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही.

सॅन होजेहून

वरच्या अनुभवात छोटी भर. माझ्या नवऱ्याला, जो अमेरिकन आहे, ब्रिटिश संसदेतला पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा गोंधळ सी-स्पॅन या संसदीय कामकाज दाखवणाऱ्या अमेरिकन वाहिनीवर पाहायला फार आवडतो. त्याची कल्पना अशी होती की ब्रिटिश विनोदी कार्यक्रम तर रोज याच दृश्यांवर जगत असतील. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. 1989 पासून हाउस ऑफ कॉमन्समध्ये कॅमेरे आहेत, पण त्या चित्रणाचा उपयोग विडंबनासाठी करायचा नाही, अशी परवान्याचीच अट आहे. 2011 च्या जुलैमध्ये 'द डेली शो' या अमेरिकन राजकीय विनोदाच्या कार्यक्रमाच्या एका भागात कॉमन्समधली दृश्ये होती, म्हणून तो भाग ब्रिटनमध्ये दाखवलाच गेला नाही. म्हणजे त्यांच्या संसदेवर चित्रासकट हसण्याची मोकळीक आमच्या घरात आहे, त्यांच्या घरात नाही. नवरा यावर इतका खूश झाला की आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता.

ॲन आर्बरहून

माझे वय आता चौऱ्याऐंशी आहे. 1963 साली मी मिशिगनला शिकायला आलो. आमच्या वसतिगृहाच्या बैठकीच्या खोलीत एकच टीव्ही होता, आणि 1964 च्या जानेवारीपासून त्यावर एनबीसीचा 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' लागू लागला. मूळ कार्यक्रम बीबीसीचा, 1962 आणि 63 सालचा, आणि त्याचा निवेदक डेव्हिड फ्रॉस्ट अमेरिकन आवृत्तीतही दिसे. माझे दोन सहनिवासी, एक आयोवाचा आणि एक डेट्रॉइटचा, पहिल्या दिवशी त्याच्या उच्चारांवरच हसत राहिले आणि विनोद निसटले. टॉम लेहरर या उपरोधिक गीतकाराच्या गाण्यांनी मात्र त्यांना जिंकले.

माझ्या मनात राहिली ती त्या कार्यक्रमाची गळचेपी. ब्रिटनमध्ये 1964 हे निवडणुकीचे वर्ष म्हणून बीबीसीने तो आपण होऊन थांबवला. अमेरिकेत त्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर कित्येक मंगळवारी आम्ही टीव्हीपुढे जमायचो आणि त्या वेळेत रिपब्लिकन पक्षाने पैसे भरून विकत घेतलेले भाषण सुरू असायचे. डेट्रॉइटचा मित्र उठून टीव्ही बंद करी, आयोवाचा पुन्हा लावी. तो रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांचा माणूस होता. साठ वर्षांत तो खेळ माझ्या दृष्टीने फारसा बदललेला नाही.

ह्यूस्टनहून

आमच्या सासूबाई टेक्ससमध्ये तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. त्यांच्यासाठी मी नेटफ्लिक्सवर 'कंक ऑन अर्थ' लावले, तेही हा माहितीपट नाही हे न सांगता. चूक माझीच. डायन मॉर्गन ही अभिनेत्री फिलोमिना कंक या अडाणी निवेदिकेच्या रूपात खऱ्याखुऱ्या प्राध्यापकांना अत्यंत गंभीर चेहऱ्याने भलभलते प्रश्न विचारते. हे पात्र मूळचे चार्ली ब्रुकरच्या बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या कार्यक्रमातले.

दहा मिनिटे सासूबाई काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'ही मुलगी तयारी करून आलेली नाही.' आणखी पाच मिनिटांनी, 'हिला नोकरीवरून काढायला हवे.' मी खरे सांगितल्यावर त्या रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचे भाग सलग पाहिले. त्यांचे म्हणणे असे की सातवीच्या वर्गात त्यांना रोज हेच प्रश्न विचारले जात. आता त्या कंककडे पाहतच नाहीत. प्रश्न आदळल्यानंतर प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर उत्तर शोधण्याची जी धडपड दिसते, ती पाहतात आणि अमुक प्राध्यापक चांगला शिक्षक आहे, तमुक नाही, असा निर्णय देतात.

शिकागोहून

2022 च्या ऑक्टोबरात एका ब्रिटिश वृत्तपत्राने सॅलडच्या पानांचा गड्डा कॅमेऱ्यापुढे ठेवला आणि तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस आधी जातात की गड्डा आधी सडतो, याचे थेट प्रक्षेपण सुरू केले. आमच्या कचेरीतले अमेरिकन सहकारी बैठकीच्या वेळी ते एका कोपऱ्यातल्या पडद्यावर लावून ठेवत. गड्ड्याला टोप आणि डोळे होते, त्यामुळे विनोद समजायला अडचण नव्हती. अडचण 20 तारखेला राजीनामा जाहीर झाल्यावर आली: मतदान झाले नाही, महाभियोग नाही, मग गेल्या कशा, आणि नव्या माणसाला निवडले कोणी? पक्ष, बहुमत आणि पंतप्रधान यांचे नाते फळ्यावर काढून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण खोलीत संसदीय पद्धतीत वाढलेला मी एकटाच होतो. ट्रस यांची कारकीर्द 49 दिवसांची झाली. 2019 चा पहाटेचा शपथविधी पाहिलेल्या मराठी माणसाला हे दिवस तसे भरपूरच वाटावेत, पण ते त्यांना कुठून समजावत बसणार?

फिलाडेल्फियाहून

सर्वांनी इतके कौतुक केले आहे म्हणून थोडे विरुद्ध लिहितो. माझी अमेरिकन पत्नी राज्यशास्त्र शिकवते, आणि बोरिस जॉन्सन यांचे 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू'मधले जुने तुकडे पाहून तिला हसू आले नाही. ते 1998 मध्ये पहिल्यांदा पाहुणे म्हणून आले, पुढे अनेकदा सूत्रसंचालकाच्या खुर्चीत बसले, 2008 मध्ये लंडनचे महापौर झाले आणि 2019 मध्ये पंतप्रधान. हिस्लॉपनी पहिल्या भेटीत त्यांना अवघड प्रश्न विचारून चांगलेच घामाघूम केले होते, हे मान्य. पण पत्नीचे म्हणणे असे की प्रेक्षकाच्या लक्षात प्रश्न राहिला नाही, विस्कटलेले केस राहिले. ज्याची टिंगल करायची त्यालाच शेजारी बसवून चहा पाजला की टिंगलीची धार त्याच्याच कामी येते. अमेरिकन निवेदक उपदेश फार करतो, हे तिला कबूल आहे. तो निदान पाहुण्याला लोकांचा लाडका करून सोडत नाही, असे ती म्हणते. अर्थात अमेरिकेतही उमेदवार विनोदी कार्यक्रमांत येऊन केस विस्कटून घेतात, याची आठवण मी दिली तेव्हा तिने विषय बदलला.

सिॲटलहून

आमची सोळा वर्षांची लेक इथेच जन्मली आणि स्वतःला पूर्ण अमेरिकन समजते. 2024 च्या सप्टेंबरात सीएनएनने याच कार्यक्रमाची अमेरिकन आवृत्ती सुरू केली. रॉय वुड ज्युनिअर सूत्रसंचालक आहेत, अँबर रफिन आणि मायकल इयन ब्लॅक हे कर्णधार. ती दोन्ही आवृत्त्या आलटूनपालटून पाहते. तिने एका रविवारी वहीत दोन रकाने आखले आणि विनोदाच्या आधी बातमी किती वेळा समजावून सांगितली जाते, त्याच्या रेघा ओढल्या. अमेरिकन रकाना भरून गेला, ब्रिटिश रकान्यात तीनच रेघा होत्या.

मी म्हटले, म्हणजे ब्रिटिश प्रेक्षक बातम्या वाचून येतात. तिचे मत वेगळे पडले: त्यांनाही अर्धे कळत नसणार, पण शेजारचा हसला की आपण हसायचे, एवढे त्यांना जमते. नंतर तिने चौथी रेघ ओढली आणि लगेच खोडली, कारण ते स्पष्टीकरण नव्हते, मर्टन यांनी विषय सोडून मारलेली थाप होती, आणि ती थाप आहे हे कळायला आम्हा दोघींना तो तुकडा दोनदा मागे न्यावा लागला.