मदत हवी आहे: स्वयंसेवकांची प्रश्नावली, उत्तरं जवळजवळ एकसारखी

नमस्कार. स्वयंसेवक कामात का येतात, यावर पीएचडी करते आहे. क्लॅरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांची १९९८ ची प्रश्नावली मराठीत आणून वापरली: ३० विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. मूल्यं, शिकणं, समाजातले संबंध, करिअर, मनावरचं ओझं हलकं होणं आणि आत्मसन्मान या सहा प्रेरणा त्यात मोजल्या जातात.

मूल्यांच्या विधानांना बहुतेक जण ६ किंवा ७ देतात, करिअरला १ किंवा २. नंतर गप्पांत मात्र तेच लोक ‘ओळखी झाल्या, नोकरीसाठी अनुभव मिळाला’ असं मोकळेपणाने सांगतात. त्यात गैर काहीच नाही, पण कागदावर लिहायला संकोच वाटत असावा.

नाव न लिहिता भरून घेतली, समन्वयकांना बाहेर थांबायला सांगितलं. भाषांतर पुन्हा इंग्रजीत करून मूळ विधानांशी ताडलं. फरक पडला नाही. आधीच्या अभ्यासांशी तुलना करायची असल्याने विधानं बदलता येणार नाहीत. मुलाखतींनाही वेळ नाही.

सहा प्रेरणांना पसंतीक्रम लावायला सांगणारा एकच जादा प्रश्न जोडावा असं वाटतंय. कोणी असं केलं असेल, तर पसंतीक्रम आणि गुण एकाच विश्लेषणात कसे घेतलेत?