‘अ एमबीए’ की ‘ॲन एमबीए’?

मिहानची_वाट: उद्यासाठी अर्ज लिहून राहिली आहे. पहिल्याच ओळीत ‘आय ॲम ॲन एमबीए’ टाकलं. दादा म्हणते, एम व्यंजन आहे, ‘अ’च पाहिजे. शाळेत तर ए-ई-आय-ओ-यू एवढंच शिकवलं होतं. कोणाचं बरोबर?

धरमपेठच्या_बाई: तुमचंच बरोबर, आहे तसंच पाठवा. ती ए-ई-आय-ओ-यूची ओळ पाठ करून घेऊन आपण मुलांचं नुकसान करतो, हे माझं ठाम मत आहे. नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा. स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने झाला तर ‘अ’. ‘ॲन अवर’, कारण स्पेलिंगमधला एच कोणी उच्चारतच नाही. पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-वे’, कारण कानाला य आणि व ऐकू येतात.

आपल्या नागपुरातलीच नावं घ्या ना. एलआयटीचा विद्यार्थी ‘ॲन एलआयटी स्टुडंट’, व्हीएनआयटीचा मात्र ‘अ व्हीएनआयटी स्टुडंट’. नीरी, म्हणजे आपली पर्यावरण संशोधनाची संस्था, तिच्या नावाकडे नीट बघा. अक्षरं सुटी वाचली असती तर ‘एन’ने सुरुवात झाली असती. आपण सगळे सलग ‘नीरी’ म्हणतो, म्हणून ‘अ नीरी सायंटिस्ट’. एम्सही सलगच वाचतो, पण तिथे सुरुवात स्वराची, म्हणून ‘ॲन एम्स डॉक्टर’.

काटोलकर: बाई, आमच्याकडे एसटीला ‘यष्टी’ म्हणतात. मग ‘अ यष्टी बस’ लिहायचं का?

धरमपेठच्या_बाई: फार चांगली शंका. बोलताना यष्टी खुशाल म्हणा. लिहिताना अक्षराचा इंग्रजी उच्चार धरायचा, ‘ॲन एसटी बस’. एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स ही सगळी व्यंजनं, पण त्यांची नावं स्वराने सुरू होतात. यूचं नेमकं उलट, ‘अ यूपीएससी कँडिडेट’.

आणि कानाचा जोर किती, तर मेडिकलची मुलं घालतात त्या ॲप्रनचं मूळ रूप ‘नॅप्रन’ होतं. ‘अ नॅप्रन’ बोलता बोलता ‘ॲन ॲप्रन’ झालं आणि शब्दाचा न कायमचा गेला. अंपायरच्या सुरुवातीलाही असाच न होता.

मिहानची_वाट: दादाला पटलं, मेल गेला. आता तो विचारते, ‘हिस्टॉरिक’च्या आधी काय?

धरमपेठच्या_बाई: ‘अ’ लिहा. जुन्या लिखाणात ‘ॲन हिस्टॉरिक’ सापडतं, कारण तो ह पुसट उच्चारला जायचा. आज तो स्पष्ट ऐकू येतो.