जळजळ जातच नाही राजेहो, गोळी किती दिवस खायची?

इतवारीचा_कापडवाला:
वय ४४, नागपुरात इतवारीत कापडाचं दुकान. शटर पडते साडेनऊला, हिशोब करून घरी जेवतो अकराच्या सुमाराला आणि लगेच आडवा. दोनेक वर्षांपासून छातीच्या मधोमध जळजळ होऊन राहिली. झोपेत आंबट पाणी घशाशी येते, सकाळी आवाज बसलेला. पॅन्टोप्राझोल ४० ची पट्टी खिशातच असते, जळजळलं की एक घेतो. सासूबाई म्हणतात थंड दूध प्या, शेजारचा दुकानदार म्हणते सोडा मार. तर्री पोहे बंद केले, सावजीच्या झणझणीत रश्श्याचं तर नाव काढत नाही. बीपीची अम्लोडिपिन चालू आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचा) फक्त दुपारी अन् रात्री. आता सांगा, जात काहून नाही?

बर्डीवाला:
तर्री सोडली अन् खर्रा ठेवला? वा रे भाऊ!

काउंटरवाली_ताई:
धंतोलीत औषधाच्या काउंटरवर उभी असते, डॉक्टर नाही. पण ही पट्टी नेणारे रोज पाहते, म्हणून लिहिते.

भाऊ, गोळी बरोबर आहे, वेळ चुकते. ती पोटात असलेलं आम्ल मारत नाही, आम्ल तयार करणारे पंप बंद करते. तेही चालू असलेलेच, आणि ते चालू होतात जेवल्यावर. म्हणून सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी, रोज घ्यायची. पूर्ण असर दिसायला काही दिवस जातात. जळजळ उठली त्या घडीला अँटासिडचं जेल कामाचं, ही गोळी नाही. सोड्यात मिठासारखंच सोडियम असतं, बीपीवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग पोट आणखी आम्ल सोडतं.

जन्मभर म्हणाल तर, डॉक्टर बहुधा ८ आठवडे देऊन पाहतात, मग हळूहळू उतरवतात. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडली की आम्ल उसळतं, माणसाला वाटतं दुखणं परतलं, आणि तो पुन्हा माझ्यापुढे पट्टी मागत उभा! वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासत राहावं. आणि 'डी' लावलेली गोळी आपल्या मनाने मागू नका. त्यातल्या डॉमपेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात.

पण खरी भानगड आम्लाची नाहीच. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं कडं असतं. ते सैल झालं की भरल्या पोटी आडवं होताच सगळं वर येतं. तंबाखूने ते सैल होतं, अम्लोडिपिननेही होऊ शकतं (स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). सुटलेलं पोट खालून दाबतं ते वेगळंच. तिखट सगळ्यांना बाधत नाही, तर्रीवरचं तेल मात्र पोट लवकर रिकामं होऊ देत नाही. माझ्या मते तुमच्या जळजळीत पोह्यांपेक्षा अकराच्या जेवणाचा हात मोठा. डबा दुकानातच आठला उघडा. झोपायच्या आधी तीन तास पोटात काही नको.

मेडिकल_चौक:
ताईंचं पटलं, पण एक राहिलं. जिना चढताना छाती भरून येते का? घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ? तसं असेल तर गॅस-गॅस म्हणत बसू नका, तडक दवाखाना गाठून ईसीजी काढा. बीपी आहे, तंबाखू आहे, वय तेच आहे. आणि घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, यातलं काहीही असलं तर एंडोस्कोपी लांबवू नका.

इतवारीचा_कापडवाला:
चढताना काही होत नाही, घासही अडकत नाही. तरी या हप्त्यात डॉक्टरला दाखवतो, ईसीजीही काढून घेतो. दोन उशा घेऊन झोपू का?

काउंटरवाली_ताई:
नको. उशांनी फक्त मान उचलते, कंबरेत वाकतं आणि पोट जास्त दाबतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्या, सहा ते आठ इंच. डाव्या कुशीवर झोपा.

इतवारीचा_कापडवाला:
पलंग नाही ताई, बॉक्सवाला दिवाण आहे. त्याला पायच नाहीत.

काउंटरवाली_ताई:
मग गादीवाल्याकडून फोमची उताराची उशी कापून घ्या. कंबरेपासून डोक्यापर्यंत पुरेल एवढी लांब सांगा, नाहीतर तो मानेपुरती देईल.

बर्डीवाला:
अन् खर्रा?

इतवारीचा_कापडवाला:
रात्रीचा आजपासून बंद. दुपारच्याचं डॉक्टरसमोर बोलू बे.