ओट्याची फळी अजून चिकट, गणपती सहा दिवसांवर

टिळकवाडीहून, रात्री १०.४०

मंडळी, शुक्रवारी मंडळाच्या मशीननं सिंकशेजारची सागवानी फळी घासली, जवसाचं तेल भरपूर पाजलं. आज चौथा दिवस, हात ठेवला की चिकटतोय. मघाशी ताट उचललं तर खालचा पेपर फळीलाच राहिला, पावसाची बातमी उलटी छापली गेलीय. बिडाच्या तव्याचं काळं कडं तर ८० नंबरचा पॉलिशपेपर दोनदा मारूनही तसंच. सासूबाई म्हणतात, कडप्पा बरा होता. गणपतीला चौदा पानं आहेत. लवकर सांगा.

शहापूरहून

वहिनी, ‘भरपूर’ तिथंच घोळ झाला. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड लावलं की वर साय धरते, खाली ओलंच. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं असतं. त्यात सागवान मुळातच तेलकट, आणि आपल्याकडची ही हवा! तेल घाण्यावरचं की रंगाच्या दुकानातलं? शेवटचा कागद कितीचा?

खजिनदार

मशीन शनिवारी परत यायचं होतं, वहीत सही आहे. ते रंगमंचाच्या फळ्यांसाठी घेतलंय, घरोघरच्या ओट्यांसाठी नाही, हे मागच्या बैठकीतही बोललो होतो. धुळीच्या पिशवीशिवाय आलं तर अनामत मिळणार नाही.

मस्कतहून

जवस कशाला लावता? इकडे सगळे मिनरल ऑइल लावतात. वास नाही, चिकटा नाही.

वडगावहून

मी पोळपाटाला शेंगतेल चोळत होते, घरात होतंच म्हणून. महिन्याभरात असा खवट वास सुटला की भाकरी थापली तरी भाकरीला तोच वास. शेवटी सोडा लावून घासला, उन्हात टाकला, तरी जाईना. आता त्यावर कुंडी ठेवलीय.

टिळकवाडीहून

घाण्यावरचं, खायचं म्हणून मुद्दाम आणलं. कागद ३२० पर्यंत नेला, अगदी काचेसारखी झाली होती.

शहापूरहून

काच कुणी सांगितली होती? ८०, १२०, १८० करून २२० ला थांबायचं, रेषांच्या दिशेनं. फार गुळगुळीत लाकूड तेल ओढत नाही. आणि घाण्यावरचं कच्चं तेल घट्ट व्हायला आठवडे घेतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लवकर होतं, पण त्यात धातूंचे क्षार असतात. म्हणजे गणपतीपर्यंत हे होणार नाही. टर्पेंटाइनच्या फडक्यानं सगळा चिकटा काढा, खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. सणात फळी कोरडीच वापरा, वर स्टीलची परात.

काळ्या कड्याला घासणं हा उपाय नाही. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून ते खोलवर झालेलं असतं. ऑक्झॅलिक ॲसिडनं जातं, पण विषारी, हातमोजे हवेत, नंतर दोन-तीनदा धुवायचं. आत्ता तेल बसलंय, लागू पडणार नाही. विसर्जनानंतर बघू.

मस्कतकर, सुम्म बसा की. मिनरल ऑइल घट्ट होतच नाही, दर महिन्याला लावत बसायचं. पोळपाटाला ठीक, सिंकशेजारी नाही.

आणि वहिनी, तेलाच्या चिंध्या कुठं आहेत? आमच्या परसात एकदा बोळा करून टाकलेल्या होत्या, संध्याकाळी हात लावला तर चटका बसला, आतून धूर. आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

टिळकवाडीहून

बाप रे. न्हाणीत बादलीत कोंबल्या होत्या. मोरीवर पसरल्यात, आता सासूबाई त्यावरनं बोलतायत. डागावर कुंद्याचा डबा ठेवते. खजिनदारसाहेब, पिशवी मशीनबरोबर आलीच नव्हती. माझ्याआधी कुणी नेलं होतं ते वहीत बघा.

वडगावहून

पिशवी माझ्याकडे आहे. धुऊन घातलीय, पावसानं वाळेना.