अनुभव धागा : वरच्या खोलीतला गेम खालच्या खोलीत नेताना

कोल्हापुरातील कसबा बावड्यातील आमच्या घरात दोन संगणक आहेत. वरच्या खोलीत माझा आणि खालच्या खोलीत मुलीचा. गेल्या महिन्यात तिला ‘बाल्डर्स गेट ३’ खेळायचा होता. तो माझ्याकडे आधीपासून होता आणि स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेच्या कुटुंब गटात आम्ही दोघेही असल्याने तिला तो वेगळा विकत घ्यावा लागणार नव्हता. (एकाच प्रतीवर दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही, हे आमच्या घरातील भांडणाचे स्वतंत्र कारण आहे.) अडचण होती ती आणण्याची. हा गेम डिस्कवर १५० जीबी जागा मागतो आणि आमची जोडणी ४० एमबीपीएसची आहे. एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा असल्याने आठाने भागावे लागते, म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ मेगाबाइट. सगळे सुरळीत चालले तरी आठ तासांहून अधिक वेळ लागणार. माळ्यावर पोते भरलेले असताना दुकानातून किलो किलो गहू आणावेत, तसा हा प्रकार होता.

स्टीममध्ये २०२३ पासून यावर सोय आहे. दोन्ही संगणक एकाच घरगुती नेटवर्कवर असले, दोन्हींवर स्टीम चालू असले आणि सेटिंगमधील डाउनलोड विभागात परवानगी दिलेली असली, तर दुसऱ्या संगणकावर गेम बसवायला घेताच त्याच्या फाइल बाहेरून न येता पहिल्या संगणकावरून येऊ लागतात. परवानगी फक्त स्वतःच्या खात्याला, मित्रयादीतील खात्यांना किंवा सर्वांना देता येते. पहिल्या संगणकावर नसलेला किंवा जुना झालेला भाग स्टीम बाहेरून आणून भरून काढते. इंटरनेट त्यासाठी लागतेच.

आम्ही हे केले आणि गेम आला, पण पावणेचार तासांनी. दोन्ही संगणक केबलने राउटरला जोडलेले असूनही वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर हललाच नाही. आपण हे कसे केले, कुठे अडले आणि कशाने सुटले, ते येथे सविस्तर लिहावे. कोणाचे कनेक्शन चांगले हा वाद आणि चोरीच्या प्रतींचा विषय कृपया टाळावा.

शिवाजी उद्यमनगरातून

आपण दिलेल्या ११ या आकड्यातच उत्तर आहे. १०० एमबीपीएसच्या तारेची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला १२.५ मेगाबाइट असते आणि वरखर्च वजा जाता हातात ११ च्या आसपास उरतात. वेग वरखाली होत असेल तर दोष कुठेही असू शकतो. परंतु तो ११ वर पाटासारखा सपाट राहत असेल, तर वाटेत कुठेतरी गिगाबिटऐवजी (म्हणजे १००० एमबीपीएसऐवजी) १०० ची जोडणी झालेली आहे, असे खुशाल समजावे.

माझ्याकडे नेमके हेच घडले होते. आमच्या वर्कशॉपमध्ये गेज लावल्याशिवाय जॉब पुढे जात नाही, पण घरी मात्र मी महिनाभर अंदाजाने राउटर बंद-चालू करत राहिलो. शेवटी विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहिला, तर राउटर आणि नेटवर्क कार्ड दोन्ही गिगाबिटचे असूनही तेथे १००/१०० दिसत होते. तेव्हा केबलच्या टोकाची पारदर्शक क्लिप भिंगाखाली धरली. केबलमध्ये आठ तारा असतात. केशरी, हिरव्या, निळ्या आणि तपकिरी अशा चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यांतील दोन पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. केबल ओढणाऱ्या मुलाने केशरी आणि हिरवी जोडी क्लिपमध्ये बसवली होती आणि निळी व तपकिरी जोडी कडेने कापून टाकली होती. नेट व्यवस्थित चालत असल्याने हे कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते, कारण ५० एमबीपीएसच्या जोडणीला चार तारा पुरून उरतात.

क्लिप दाबून बसवण्याची (क्रिम्पिंगची) पक्कड मित्राकडून आणली आणि दोन्ही टोके नव्याने केली. क्रम असा ठेवावा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सारख्या लांबीला कापून क्लिपच्या अगदी टोकापर्यंत सारल्या पाहिजेत; माझी पहिली क्लिप याच कारणाने वाया गेली, कारण सातवी तार केसभर मागे राहिली होती. दुसऱ्या खेपेस लिंक १०००/१००० झाली. गिगाबिटवर सेकंदाला ११० मेगाबाइटपर्यंत वेग मिळू शकतो आणि त्या हिशेबाने आपले १५० जीबी तेवीस मिनिटांत जायला हवेत. प्रत्यक्षात डिस्क आणि प्रोसेसर एवढे धावू देत नाहीत, पण पावणेचार तास नक्कीच लागणार नाहीत.

सायबर चौकाजवळून

मी गेम खेळत नाही. मी महाविद्यालयात शिकवते आणि आठवड्यातून तीन दिवस सायंकाळी घरून ऑनलाइन तास घेते. मुलाचा गेम डाउनलोड होऊ लागला की माझा चेहरा पडद्यावर गोठतो, म्हणून त्याने हा घरातल्या घरात फाइल नेण्याचा मार्ग शोधला आणि मी निश्चिंत झाले. पहिल्याच दिवशी तास पुन्हा अडखळला. मी त्याच्या खोलीत गेले, तर तो शांतपणे म्हणाला, “आई, नेटला हातसुद्धा लावलेला नाही. घरातल्या घरातच चाललंय.” त्याचे म्हणणे खरे होते आणि माझा तासही खरोखरच अडत होता.

कारण पुढे समजले. त्याचा लॅपटॉप आणि धाकट्याचा संगणक, दोन्ही वाय-फायवर होते. अशा वेळी प्रत्येक फाइल एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून संगणकाकडे, अशी दोनदा हवेतून जाते, आणि माझा तासही त्याच लहरींवर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतो. इंटरनेटची वाट मोकळी होती, पण तिच्यापर्यंत जाणारा घरातला बोळ भरलेला होता. राजारामपुरीतून पंधरा मीटर केबल आणून धाकट्याचा संगणक तारेवर घेतला, त्यामुळे हवेतील निम्मी वाहतूक संपली. लॅपटॉप आणि माझे यंत्र ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर नेले. तरीही रात्री दहापूर्वी मोठा गेम हलवायचा नाही, हा नियम मी कायम ठेवला आहे. तंत्रज्ञानापेक्षा तोच अधिक उपयोगी ठरला, असे माझे मत आहे.

मंगळवार पेठेतून

आमचे एकत्र कुटुंब आहे आणि घर लांबट. केबलवाल्याचे खोके (म्हणजे मुख्य राउटर) पुढच्या सोप्यात, तर मागच्या खोल्यांपर्यंत वाय-फाय पोहोचत नाही म्हणून चुलतभावाने तेथे स्वतःचा राउटर लावलेला. दोघांच्याही संगणकांवर नेट उत्तम चालत होते, स्टीमची परवानगी दिलेली होती, आम्ही एकमेकांच्या मित्रयादीत होतो, तरीही माझा संगणक त्याला दिसत नव्हता. दोघांचे आयपी पत्ते (नेटवर्कवर यंत्राला मिळणारे आकडे) शेजारी लिहून काढले तेव्हा उलगडा झाला : माझा १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि त्याचा १९२.१६८.० ने. म्हणजे एका घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झाली होती. स्टीम आपल्या नेटवर्कवर “कोणी आहे का?” अशी हाळी देते, आणि ती हाळी दुसऱ्या राउटरची भिंत ओलांडत नाही.

उपाय साधा आहे. सोप्यातून येणारी केबल मागच्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टमधून काढून लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये लावायची आणि त्या राउटरचे डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करायचे. राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळे नेटवर्क न करता फक्त वाय-फाय देणारा) असेल तर तोच निवडावा. आम्ही केबल बदलली आणि डीएचसीपी बंद करायला विसरलो. पत्ते वाटणारे दोघे झाल्यामुळे अर्ध्या घराच्या मोबाइलचे नेट गेले, काकूंची मालिका ऐन प्रसंगी थांबली आणि “तुमच्या खेळापायी घर बंद पाडलंत” हे वाक्य आम्हाला आठवडाभर ऐकावे लागले.

संगणक तरीही दिसत नसेल आणि विंडोजमध्ये नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असेल तर तो ‘प्रायव्हेट’ करावा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर संगणक असेल, तर राउटरच त्याला इतरांपासून तोडून ठेवतो.

राजारामपुरीतून

पेन ड्राइव्हने नेणाऱ्यांसाठी एवढेच : तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर जागा कितीही असो, ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर उतरणार नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा. मी दोन संध्याकाळी पेन ड्राइव्हलाच दोष देत होतो.

शाहूपुरीतून

स्टीमची ही सोय येण्यापूर्वीचा अनुभव आहे. जुलै २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर आणि कुंभार गल्लीकडून पाणी चढू लागले, तेव्हा तळमजल्यावरचे सगळे सामान आम्ही वर हलवले, आणि त्यात माझा व भावाचा संगणकही होता. राउटर खालीच राहिला आणि नेट तर कधीच गेले होते. वीज आल्यावर करण्यासारखे काही नसल्याने आम्ही दोन्ही संगणक एकाच केबलने थेट जोडले. मध्ये राउटर नसला तरी चालते. पत्ता वाटणारे कोणी सापडले नाही की विंडोज आपणहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेते आणि दोन्ही यंत्रे एकमेकांशी बोलू लागतात. आजच्या कार्डांना उलटसुलट जोडलेली खास केबलही लागत नाही.

एका बाजूला फोल्डर शेअर केला आणि ‘स्टीमॲप्स’च्या ‘कॉमन’ फोल्डरमधून गेमचा पूर्ण फोल्डर भावाच्या संगणकावर त्याच जागी उतरवला. फक्त एवढ्याने स्टीमला गेम बसवल्याचे कळत नाही. ‘स्टीमॲप्स’मध्येच ‘ॲपमॅनिफेस्ट’ या नावाने सुरू होणाऱ्या लहानशा फाइल असतात. त्या गेमच्या क्रमांकाची फाइलही सोबत न्यावी लागते. भावाच्या खात्यावर तो गेम होताच. नेट परत आल्यावर फाइलची पडताळणी करायला लावली, तेव्हा सगळे तपासून स्टीमने बाहेरून अगदी थोडेच मागवले. नवी सोय यापेक्षा सोपी आहे यात शंका नाही. पण ती स्टीमपुरती आहे, आणि फोल्डर कसा हलवायचा हे ठाऊक असलेला माणूस तिच्यावर अडून राहत नाही.

कळंब्याहून

आम्ही चौघे मित्र एका फ्लॅटमध्ये राहतो आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत वेगवेगळ्या पाळ्यांत काम करतो. ज्याच्याकडे गेम आहे त्याचा संगणक चालू असणे ही स्टीमच्या पद्धतीची अट आम्हाला जाचक ठरली, कारण ज्याला हवे तो घरी असतो तेव्हा देणारा कामावर असतो. म्हणून एका जुन्या संगणकात १ टीबीची डिस्क घालून त्यावर लिनक्स आणि लॅनकॅश हे मोफत सॉफ्टवेअर बसवले. राउटरला डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारे यंत्र) म्हणून त्याचा पत्ता दिला, की स्टीम, एपिक वगैरेंकडे जाणाऱ्या डाउनलोडच्या मागण्या आधी त्याच्याकडे येतात. कोणीतरी एकदा आणलेला तुकडा तो ठेवून घेतो आणि पुढच्याला घरातूनच देतो.

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिले डाउनलोड नेहमीच्याच वेगाने होते, कारण ते बाहेरूनच यावे लागते. हे ध्यानात न आल्याने आम्ही पहिल्याच रात्री सगळे उखडण्याच्या बेतात होतो. दुसरे असे, की एका मित्राचा लॅपटॉप मात्र काही केल्या बाहेरूनच आणत होता. त्याला राउटरकडून आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीचा वेगळा डीएनएस मिळत होता आणि तो आमच्या संगणकाला बगल देऊन जात होता. राउटरच्या लॅन बाजूचे आयपीव्ही६ बंद केल्यावर तोही रांगेत आला.

पुन्हा कसबा बावड्यातून

उद्यमनगरच्या प्रतिसादानंतर रविवारी सकाळी मी भिंग घेऊन बसलो. दोन्ही केबलच्या चारही क्लिप तपासल्या. आठही तारा जागेवर, रंगांचा क्रमही बरोबर. तरीही लिंक १००/१०० च दिसत होती. शेवटी केबलवाल्याने दिलेले खोके भिंतीवरून उतरवून उलटे केले, तर तळाच्या धुळकट स्टिकरवर पोर्टपुढे १०/१०० छापलेले आढळले. दोष तारेचा नव्हता. वाटेतल्या खोक्यालाच त्याहून अधिक येत नव्हते.

खोके बदलून मागण्याऐवजी पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच आणला आणि दोन्ही संगणक व ते खोके त्याला जोडले. आता दोन संगणकांमधली वाहतूक स्विचमधूनच परस्पर होते, आणि इंटरनेटपुरते तेवढे खोके उरले आहे. काल मुलीने दुसरा एक गेम खाली नेला, तेव्हा वेग ६० ते ७० मेगाबाइटच्या दरम्यान होता. मध्येच तो शून्यावर येऊन पुन्हा चढत होता. स्टीमच्या आलेखात त्या क्षणी नेटवर्कची रेषा खाली आणि डिस्कची वर दिसत होती, म्हणजे आता तिची जुनी फिरती हार्ड डिस्क मागे पडते आहे. एसएसडी (वेगवान डिस्क) घेण्याची मागणी त्याच रात्री जेवताना माझ्यापुढे मांडण्यात आली.