बोअरचं पाणी पिवळं, हातात तीन कोटेशनं. कुठलं घ्यावं?

भोसरीची_प्लेटर
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत बाबांनी टाकलेलं हार्ड क्रोमचं (धातूच्या भागांवर क्रोमचा कडक थर चढवायचं) युनिट सहा वर्षं मी बघतेय. बाबांच्या काळात क्रोमची टाकी जमिनीतच होती, विटांचं बांधकाम आणि आत शिशाचं अस्तर. मी आल्यावर नवी टाकी चौथऱ्यावर घेतली आणि जुना खड्डा मुरूम टाकून, वर कोबा करून बुजवला. तेव्हा फार शहाणपणाचं काम केलं असं वाटलं होतं.

बोअर १८० फूट, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप) जेमतेम २०. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पांढऱ्या बादलीतल्या पाण्याला पिवळी झाक दिसली. स्टीलच्या बादलीत कधी लक्षातच आली नसती. तपासून घेतलं: हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमचं विषारी, पाण्यात विरघळणारं रूप) लिटरला २.६ मिलिग्रॅम. त्याच बोअरचा मे महिन्यातला आकडा होता ०.४. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ आहे. शेजारच्या गाळ्याचा वॉचमन त्यांच्या बोअरचं पाणी भरायचा, त्याला त्याच दिवशी थांबवलं. आता आमच्याकडून नळाचं नेतो.

तीन कोटेशनं आलीत. एक, पाणी उपसायचं आणि ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) साफ करायचं. दोन, बोअरमधून फेरस (लोहाचं रसायन) किंवा साखर कारखान्याची मळी सोडून क्रोम जागेवरच निरुपद्रवी करायचा. तीन, चर खणून लोखंडाच्या कणांची भिंत घालायची, पाणी तिच्यातून साफ होऊन पुढे जाईल. तिसरं सगळ्यात महाग, आणि परदेशात यशस्वी झालंय म्हणतात. तुम्ही काय कराल?

जाता जाता: दोन वर्षांपूर्वी छपराचं पाणी खड्डा करून त्याच बोअरला सोडलंय. त्याने क्रोम सौम्य होत जाईल, असं कन्सल्टंट म्हणाले.

जुना_ईटीपीवाला
ताई, उपशाच्या कोटेशनवर सही करायच्या आधी एक हिशेब करा. रोज १०,००० लिटर उपसलं तर २.६ च्या दराने दिवसाला २६ ग्रॅम क्रोमियम निघेल. तुमच्या बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात) लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असेल तर त्यात १३० ग्रॅम क्रोमियम. म्हणजे दिवसभर मोटर चालवून तुम्ही काढणार बाथचा एक पेला, २०० मिली! जुनी टाकी वर्षानुवर्षं किती पाझरली असेल? मग मोटर किती वर्षं चालवणार?

फेरसचंही तसंच. एक किलो हेक्स क्रोमला कागदावर १६ किलो फेरस सल्फेट लागतं, प्रत्यक्षात जास्तच जातं. ईटीपीत ते झकास चालतं, कारण तिथे पीएच आपल्या हातात असतो आणि गाळ डोळ्यासमोर खाली बसतो. तो फिल्टर प्रेसमधून काढून रांजणगावला, घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवता येतो. बोअरमध्ये हाच गाळ भेगांत बसला तर बोअर चोंदेल आणि क्रोम पलीकडच्या भेगेतून निघून जाईल.

गप्पांचा_फड
एवढं कशाला? बोअरमध्ये डबर टाका, बुजवा, गप्प बसा. भोसरीत कोणाचं पाणी स्वच्छ आहे?

कातळवाचक
वरच्यांनी सुचवलेलं डबर अजिबात नको. डबरामधून पाणी वाहत राहतं आणि नमुना घ्यायची सोय मात्र जाते. शिवाय जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांबद्दल केंद्राचे नियम आलेत, प्रदूषण करणाऱ्यावर जबाबदारी टाकणारे. गप्प बसून ती टळत नाही.

आता ताईंसाठी. लोखंडाची भिंत खरंच यशस्वी झाली आहे, आणि योगायोग बघा, क्रोम प्लेटिंगच्याच जागेवर: अमेरिकेत एलिझाबेथ सिटी, १९९६. ४६ मीटर लांब, सात मीटरच्या थोडी वर खोल. पण तिथली जमीन नदीकाठची, वाळूची. आपल्याकडे वर मुरूम, मग मांजऱ्या (मऊ कातळ), मग काळा कातळ, मध्येच एखादा गेरूचा थर. पाणी चालतं भेगांतून. तो चर तुम्ही ब्रेकरने किती खोल खणणार? आणि खणलाच तर पाणी तळाखालच्या भेगेतून जाणार नाही कशावरून?

माझं लक्ष तुमच्या दोन आकड्यांवर अडकलं. मेमध्ये ०.४, पावसाळ्यानंतर २.६. क्रोमचा साठा नुसता खाली कातळात असता तर पावसाच्या पाण्याने आकडा उतरायला हवा होता. तो चढलाय. म्हणजे क्रोम वरच्या मुरुमात बसलाय आणि पाऊस त्याला धुऊन खाली नेतोय. केसिंग २० फुटांचं, त्यामुळे वरचं पाणी थेट खालच्या थरात उतरवणारी नळी तुम्हीच करून ठेवली आहे. छपराचं पाणी आधी तोडा. त्याने सौम्य होत नाही, क्रोम ढकलला जातो. तो रिचार्जचा खड्डा जुन्या टाकीपासून किती लांब आहे?

मग कोबा फोडून जुन्या खड्ड्याखालचा मुरूम तपासा. पिवळा-हिरवा निघाला तर उचलून तोही रांजणगावला. बोअर उद्याच बुजवू नका. आठ तास मोटर चालवा आणि शेजारच्या बोअरमध्ये दोरीला नट बांधून दर अर्ध्या तासाला पातळी मोजा. पातळी उतरली तर भेग जोडलेली आहे. मग थोडा उपसा चालू ठेवण्यात अर्थ आहे, साफ करायला नव्हे, क्रोम शेजारी जाऊ नये म्हणून. मळीचा विचार मुरूम उचलल्यावर. तिच्यावर जिवाणू वाढतात, त्यांच्यामुळे क्रोम न विरघळणारा होऊन खाली बसतो, पण ऑक्सिजन संपला की खडकातलं लोह आणि मँगनीजही पाण्यात उतरतं, तेव्हा नमुने घेत राहावे लागतात.

भोसरीची_प्लेटर
काका, फूटपट्टी घेऊन गेले होते. जुन्या टाकीच्या कडेपासून रिचार्जचा खड्डा साडेचार फूट. पाइप तिथेच कापून गटाराकडे वळवला.

खड्ड्यातली वरची खडी काढून बघितली. वाळू वीतभर खोलीपर्यंत स्वच्छ, त्याखाली टाकीच्या बाजूला हाताएवढा पट्टा हळदीसारखा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. फोटो काढलेत, नमुना बरणीत घेतलाय. सोमवारी कोबा फोडायला माणूस येतोय, हातमोजे आणि गमबूट मी देतेय. तिन्ही कोटेशनवाल्यांना थांबा म्हटलंय. चर खणणारे जरा चिडले.